वाइंडिंगवाले नाना

धुळ्यात इतर लोक माणसाला आडनाव विचारतात, नाना हॉर्सपॉवर विचारतात. "तो तीनवाला आते साडेसातवर गया," असं ते म्हणाले, तर त्या शेतकऱ्याची भरभराट झाली असं समजू नये. त्याच्या बोअरचं पाणी खाली गेलं, एवढंच. नानांची वेढ्यांची वही भूजलवाल्यांनी एकदा तरी चाळावी.

अशा माणसापुढे मी अर्ध्या घोड्याचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन गेलो. वडिलांनी तो ऐंशीच्या दशकात जळगावात घेतलेला. टायवाला माणूस दारात आला म्हणून त्यांनी दबकून सही केली होती. (धुळ्यात राहून धूळ ओढायचं यंत्र, ही कोटी करायचा राहिलेला एकही नातेवाईक आमच्यात नाही.)

"घरमा झाडू नही शे का?" नानांनी विचारलं. मग मोटर नाकाशी धरली. जळालेलं व्हार्निश ते अत्तरासारखं हुंगतात. जळगावच्या कारागिराने 'फेकून द्या' म्हटल्याचं मी सांगितलं आणि तिथेच माझं काम झालं. "जळगावले भरीत जमस, वाइंडिंग नही!"

तरी महिना गेला. 'सकाय ये' म्हणजे उद्या या. फक्त कुठला उद्या, ते सांगायचं नसतं. चैत्र-वैशाखात शिरपूरकडून जळक्या सबमर्सिबल येतात. मी एकदा कुरकुरलो. नाना रागावले की शुद्ध मराठीत येतात : "सर, आपला गालिचा तहानेनं मरत नाही."

अखेर पाळी आली. जुनी तार सोडताना नाना वेढे मोजतात. दिवसात तेवढाच वेळ ते गप्प असतात. त्रेसष्टाव्या वेढ्याला पोऱ्याने "चहा कट का फुल?" विचारलं, तर हाताने त्याला उभं ठेवलं आणि चहा गार झाल्यावर "कट" म्हणाले.

पंपाची मोटर मिनिटाला तीन हजारांच्या आतबाहेर फिरते, ही वीस हजारांच्या घरात. एवढ्या वेगात सैल वेढा बाहेर फेकला जातो, फील्डला घासतो आणि खेळ संपतो. म्हणून फिरत्या गाभ्याच्या प्रत्येक खाचेत आधी इन्सुलेशन पेपर, मग तार, वरून बांबूची पाचर. टोकं कम्युटेटरच्या पट्ट्यांना डाग देऊन जोडायची, दोऱ्याने करकचून बांधायचं, व्हार्निश पाजायचं. दोन फील्ड कॉइलींनाही नवी कापडी पट्टी. सुतळीसारखी झालेली प्लगची जुनी वायर त्यांनी मला न विचारताच कचऱ्यात टाकली. व्हार्निश सुकवायला तेलाचा रिकामा डबा आणि त्यात दोनशेचा बल्ब. मे महिन्यात बल्बही लागत नाही, दुकानाचा पत्रा पुरतो.

शेवटी सिरीज लॅम्पची एक टोचणी कम्युटेटरला, दुसरी शाफ्टला. दिवा लागला नाही, म्हणजे तार कुठे शाफ्टला टेकलेली नाही. दिवा न लागल्यावर एवढा खूश होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

जळकं तांबं कुठे गेलं, हे मी विचारलं नाही. खानदेशात ते विचारत नाहीत.

मशीन सुरू झालं तेव्हा शेजारची तीन दुकानं बाहेर आली. नानांनी वहीत नोंद केली : 'झाडूमोटर, १२ खाचा, २४ पट्ट्या, ०॥ घोडा.' तेव्हापासून पारोळा रोडवर मला 'अर्धा घोडावाले सर' म्हणतात.