तत्काळ फ्लेमिंगो

शुक्रवारी रात्रीचे दहा वाजून गेले की पुणेकरांना निसर्गाची ओढ लागते. आठवडाभर ती कुठं दडून बसलेली असते कोण जाणे. जेवणं उरकतात, कुणीतरी मोबाइलवर गुलाबी पक्ष्यांचा थवा दाखवतं आणि शंभर किलोमीटरवर, भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळ पट्ट्यात, घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. "दादा, उद्या पहाटे बोट मिळेल ना? चौघंच आहोत. आत्ता निघतोय." दादा दिवसभर उसाला पाणी देऊन नुकते आडवे झालेले असतात. ते म्हणतात, "हाय की. या."

पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "खोली रिकामीच आहे ना? मग जरा कमी करा की."

ही अक्कल शहरातल्या हॉटेलांनी शिकवली. तिथं दोनशे खोल्या, पगारी नोकर, चोवीस तास गरम पाणी. गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, खर्च व्हायचा तो होतोच. मग रात्री उरलेली खोली ते पडेल भावात काढतात. इंदापूर तालुक्यातल्या खेड्यात हिशोब नेमका उलटा. इथं खोली रिकामी असते म्हणजे तिच्यात कांद्याची पोती असतात. खर्च सुरू होतो तो फोन ठेवल्यावर. पोती हलवायची, धुतलेल्या चादरी शोधायच्या, लाइट असेल तर टाकीत पाणी चढवायचं, नसेल तर ती येईपर्यंत जागायचं. वहिनी उठून पीठ किती आहे ते बघतात. मग पाहुण्यांचा मेसेज येतो : मच्छी ताजीच हवी, चिलापी नको, मरळ असेल तर बघा.

आता मरळ काय आणि चिलापी काय, रात्री अकराला उजनी धरणाच्या पाण्यात हात घालून काढता येत नाही. जाळी संध्याकाळी टाकायची आणि पहाटे उचलायची, हा इथला शिरस्ता. पक्षी दाखवायची वेळही पहाटेचीच. बोट तीच आणि माणूसही तोच. पाहुण्यांना घेऊन तो फ्लेमिंगोंकडं गेला तर जाळं पाण्यात राहतं, उन्हं वर आली की मासा नरमतो आणि भिगवणच्या बाजारात त्याचा भाव पडतो. म्हणजे ऐनवेळी आलेल्या चौघांच्या फोटोपायी एका घराची सकाळची कमाई जाते. आदल्या दिवशी दुपारी सांगितलं असतं तर भाच्याला जाळ्यावर पाठवता आलं असतं. चौघांचे उतरताना सातजण झालेले असतात, ही आणखी निराळीच गंमत.

खुद्द पक्ष्यांचं बुकिंग कुणाकडं असतं हेही एकदा सांगायला हवं. ते पाटबंधारे खात्याकडं असतं. 1980 मध्ये भीमेवर उजनी धरण पुरं झालं आणि इथल्या गावांच्या काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पावसाळ्यानंतर सोलापूरकडं पाणी सुटत जातं, फुगवटा ओसरतो, काठाचा गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ चिखलात चोच उलटी घालून चरायला फ्लेमिंगो येतात. पाणी रेंगाळलं तर तेही रेंगाळतात. हे घरमालकाच्या हातात नाही. तरी ॲपवर शेरा पडतोच : जेवण उत्तम, माणसं प्रेमळ, फ्लेमिंगो कमी. तीन तारे.

अगदी खरं सांगायचं तर पाहुण्यांच्या लोंढ्याला घाबरणारा हा मुलूख नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. हजारो माणसं. पण एकही ऐनवेळी नाही! मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. अमुक दिंडी अमक्या वाड्यात उतरणार, हे आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. वहिनींनी दळण आठवडाभर आधीच आणलेलं असतं. चार-सहा भाकरी जास्त लागल्या तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण बाकीच्या शंभर आधीच मोजलेल्या असतात. अनोळखी माणसाला घरात घेण्याचं आम्हांला काहीच नाही. आमचं गाडं अडतं ते त्यानं रात्री अकराला, गाडीत बसल्यावर कळवण्यापाशी.

बारामतीची तऱ्हा थोडी वेगळी. जानेवारीत कृषी विज्ञान केंद्राचं 'कृषिक' प्रदर्शन भरतं. तारखा आधी जाहीर होतात, तरी राहायचं कुठं हा विचार लोकांना भिगवण चौकात चहा पिताना सुचतो. त्यांना निदान एका कोपऱ्यात सतरंजी चालते. अवघड जात दुसरी आहे. ती फोनवर स्वतःचं नाव सांगत नाही, आपण कुणाचा माणूस ते सांगते. बारामती-इंदापुरात प्रत्येकजण कुणाचा तरी माणूस असतोच. त्यामुळं घरमालकाला आधी हे ठरवावं लागतं की सध्या आपण कुणाचे. भाड्याचा विषय तिथं निघत नाही. निघालाच तर "बघू की नंतर" इथं थांबतो.

आगाऊ पैसे मागा, असं शहाणी माणसं सांगतात. मागून बघा. समोरचा दुखावल्या आवाजात विचारतो, "विश्वास नाही का?" विश्वास आहे हो. पहाटे साडेपाचला येणारा "सॉरी दादा, बाळाला सर्दी झालीय" हा मेसेजही खराच असणार. फक्त तोवर बोटवाला काठावर येऊन बसलेला असतो आणि परातीत पीठ भिजलेलं असतं.

गंमत म्हणजे धडा गावच्या रुळांवरूनच रोज धडधडत जातो. पुणे-सोलापूर लोहमार्ग भिगवणवरूनच आहे. रेल्वेनं ऐनवेळच्या माणसाचं काय केलं? तिनं त्याच्यासाठी तत्काळ काढलं. साध्या स्लीपरलासुद्धा मूळ भाड्याच्या तीस टक्क्यांपर्यंत जादा घेते, खिडकी ठरल्या वेळेलाच उघडते आणि पक्कं झालेलं तिकीट तुम्ही रद्द केलंत तर एक रुपया परत देत नाही. बाळाला सर्दी असली तरी नाही. आणि हाच पुणेकर सकाळी दहाच्या ठोक्याला मोबाइल धरून तत्काळचं तिकीट मिळालं म्हणून पेढे वाटतो. रेल्वेला तो "विश्वास नाही का" असं विचारत नाही.

कुंभारगावच्या माझ्या मावसभावानं हे मनावर घेतलं. त्यानं आपला नियम व्हॉट्सॲपवर टाकून ठेवला आहे. संध्याकाळी सहाच्या आत कळवलं तर नेहमीचा दर आणि मासे. सहानंतर दीडपट दर, पैसे आधी, बोट मिळाली तर मिळाली, आणि जेवायला फक्त पिठलं-भाकरी. पिठलं शिक्षा म्हणून ठेवलं होतं. उशिरा येणाऱ्याला जरा चटका बसावा, एवढाच हेतू.

गेल्या शुक्रवारी साडेदहाला फोन आला. दीडपट? चालेल. आगाऊ? लगेच पाठवतो. बोट? बघू.

"आणि जेवायला फक्त पिठलं हाय बरं का," भावानं शेवटचं अस्त्र काढलं.

पलीकडून आनंदानं ओरडल्याचा आवाज आला. "चुलीवरचं ना, दादा? मग मासे राहू द्या!"

आता सहाच्या आत फोन करणारेही पिठलंच मागतात. भावानं त्याचा दर माशांच्या वर नेऊन ठेवला आहे. वहिनी चुलीला सरपण कुठून आणायचं म्हणून त्याच्याशी दोन दिवस बोलत नाहीत.