तडजोडीचे कारभारी

ज्या गावाला नदी आहे, बाजारपेठ आहे आणि तालुका कचेरी आहे, त्या गावात एक समेटकर्ते गृहस्थ असावयाचेच. सरकारने त्यांची नेमणूक केलेली नसते, लोकांनी त्यांना निवडून दिलेले नसते, आणि पक्षकारांनी तर त्यांना बहुधा बोलावलेलेही नसते. तथापि दोन माणसांचा आवाज चढला की त्या दोघांच्या मधोमध ज्यांचे उपरणे दिसू लागते, ते हेच. अंजनीकाठच्या आमच्या एरंडोलात हा वर्ग आप्पांच्या रूपाने नांदतो. महसूल खात्यात अव्वल कारकुनाच्या हुद्द्यापर्यंत चढून ते निवृत्त झाले. आणि सारी हयात बांधांचे, वहिवाटींचे व भाऊबंदकीचे कागद हाताळण्यात गेल्यामुळे, सृष्टीतील यच्चयावत कलह हे मुळात मिळकतीचे कलह असून योग्य त्या नमुन्यात अर्ज केल्यास ते मिटतात, अशी त्यांची अढळ श्रद्धा बसली आहे. वाटपाला जमीन महसूल संहितेचे कलम ८५, अडविलेल्या वाटेला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा, आणि या दोहोंत न बसणाऱ्या सर्व मानवी दुःखांना ‘घ्या मिटवून’ हे दोन शब्द.

एकत्र नांदण्याच्या बाजूने ते दोन स्थानिक नजिरी पुढे करतात. एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रानगरी, ही गावाची जुनी समजूत. तेव्हा पाच भाऊ व त्यांची माता एका ब्राह्मणाच्या घरी राहिली, आणि घरमालकाशी कुरबूर होणे दूरच, उलट त्याच्यावरचे बकासुराचे संकट भीमाने निवारले, हा प्रसंग आप्पा परवाच जाहीर झालेल्या निकालाप्रमाणे सांगतात. (‘द्रौपदी तवा याची होती,’ एवढा बारकावा आतून काकू पुरवितात.) दुसरी नजीर पद्मालयाची. तेथे एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एकाची सोंड उजवीकडे वळलेली, दुसऱ्याची डावीकडे; ‘दिशा भिन्न, पण गाभारा एक!’ असे म्हणून आप्पा हात जोडतात, आणि समोरच्या पक्षकारालाही जोडावेच लागतात. तिसरी नजीर म्हणून ते स्वतःच्या घराकडे बोट दाखवितात. चार भावांचे हे धाब्याचे घर अद्याप एकाच दरवाज्याने ओळखले जाते. त्या दरवाज्याच्या आत चुली चार आहेत आणि विजेची मीटरेही चार आहेत, हा तपशील त्यांच्या मते दाखल करून घेण्याजोगा नव्हे.

अशा घरात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाचा नातू पुण्याहून दोन काचेच्या पेट्या घेऊन उतरला. एका पेटीत ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील उजाड मुलखाचा वंशज, हनुवटीखाली काटेरी पिशवी बाळगणारा, हातभर लांबीचा बिअर्डेड ड्रॅगन होता. दुसरीत प्रशांत महासागरातील न्यू कॅलिडोनिया नामक फ्रेंच मुलखातला क्रेस्टेड गेको, म्हणजे डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखे तुरे असलेली, परंतु प्रत्यक्षात पापणीच नसल्यामुळे आपले डोळे जिभेने चाटून स्वच्छ ठेवणारी एक नाजूक पाल. ही जात जगातून नष्ट झाली असे विद्वानांनी ठरवून टाकले होते. १९९४ साली ती पुन्हा सापडली. हे ऐकून आप्पांना तिच्याविषयी, बेपत्ता म्हणून नोंदला गेलेला वारस अकस्मात कचेरीत हजर झाल्यावर वाटावा, तसा आदर वाटला. खटकल्या त्या दोन पेट्या. आल्या पाहुण्यांना पहिल्याच दिवशी विभक्त चुली, ही गोष्ट घराण्याच्या लौकिकास बाधक होती.

मुलाने आपली बाजू मांडली, आणि मला वाटते ती चांगली मांडली. ड्रॅगन दिवसा जागा, गेको रात्री. ड्रॅगनला दिव्याखाली चाळीस अंशांच्या आसपास तापलेला दगड आणि कोरडी हवा हवी, त्याशिवाय त्याला खाल्लेले पचत नाही. गेकोला चोवीस-पंचवीस अंश आणि ओलावा हवा, पारा अठ्ठावीसच्या वर फार वेळ राहिला तर तिच्या जिवावर बेतते, म्हणून वैशाखात तिला खानदेशात आणण्याचा विचारही करता आला नसता. शिवाय ड्रॅगनच्या दृष्टीने जे हलते आणि तोंडात मावते ते अन्न.

आप्पांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. एक दिवसा जागा आणि एक रात्री, हे तर उत्तमच. गिरणीत एकाच मागावर दोन पाळ्या चालतातच. राहता राहिले तापमान. ‘एकाचे चाळीस, दुसरीचे चोवीस. मध्य बत्तीस. घ्या मिटवून.’ बत्तीस अंशांवर एकाचे पचन मंदावते आणि दुसरीचा प्राण कंठाशी येतो, हे मुलाने पुनःपुन्हा सांगितले. पण ज्या तोडग्याने दोन्ही पक्ष सारखेच असंतुष्ट होतात तोच न्याय्य, हा धडा आप्पांनी तीन मामलेदारांच्या हाताखाली गिरविलेला होता.

‘आपल्याच घरात बघ,’ ते म्हणाले. ‘ट्यूबलाइटपाशी पाल, अंगणातल्या निंबावर सरडा, मोरीच्या दगडाखाली सापसुरळी. तीन जाती, एक घर. आजवर एकीचाही अर्ज आलेला नाही.’

‘आप्पा, त्यांना निघून जायला वाट आहे,’ मुलगा म्हणाला. ‘पाल रात्री फिरते, सरडा दिवसा. आणि सरड्याला एखादी लहान पाल गवसलीच तर तो ती गिळतो. अर्ज लिहायला ती उरत नाही.’

ही वार्ता गावात पसरताच गिरणेकाठचा एक शेतकरी गोणपाटात घोरपडीचे पिल्लू घेऊन हजर झाला. तीन जातींचा समेट झाला तर आप्पांचे नाव जळगावपर्यंत जाईल, असा त्याचा हिशेब. येथे मात्र आप्पांतला कारकून जागा झाला. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून ती बाळगणाऱ्यास किमान तीन वर्षांची कैद आहे, असे बजावून त्यांनी त्यास जेथून उचलली त्याच बांधावर परत धाडले. कोंढाण्याच्या कथेतील यशवंतीलाही आज वनखात्याची परवानगी लागली असती, हे वर ऐकविले.

मग मुलगा एका लग्नानिमित्त दोन दिवस धुळ्यास गेला, आणि आप्पांना अधिकारक्षेत्र मोकळे मिळाले. त्यांनी मोठ्या पेटीची चतुःसीमा आखली; पूर्वेकडील दगड ड्रॅगनकडे, पश्चिमेकडील फांदी गेकोकडे, पाण्याची वाटी सामाईक. मेथी एकास, कुस्करलेले केळे दुसरीस. (जळगाव जिल्ह्यात येऊन केळ्याला नाक मुरडणारा प्राणी अद्याप जन्मावयाचा आहे.) गेकोला फांदीवर ठेवताच ड्रॅगनने डोके वरखाली हलविण्यास आरंभ केला, त्यात आप्पांना होकार दिसला. नंतर त्याच्या गळ्याखालची पिशवी फुगून काळीशार झाली; तिच्यात त्यांना भारदस्तपणा दिसला. वास्तविक पहिले लक्षण ‘हा मुलूख माझा’ असे जाहीर करण्याचे असते आणि दुसरे प्रकरण हातघाईवर आल्याचे. परंतु आयुष्यभर ज्यांनी पक्षकारांचे मौन संमती म्हणून रुजू करून घेतले, त्यांनी एका सरड्याच्या मुद्रेचा अर्थ अनुकूल लावला तर नवल ते काय? गेको आपल्या चिकट बोटांनी काचेच्या वरच्या कोपऱ्याला घट्ट धरून राहिली होती. ती ‘स्थिरस्थावर’ झाल्याची नोंद आप्पांनी वहीत केली.

पहाटे दिवा लागला आणि थोड्याच वेळाने पेटीतून धडपड ऐकू आली. आप्पांनी गेकोला तत्काळ बाहेर काढून तिच्या पेटीत सोडले, चष्मा पुसला, दोन शेजारी पंच म्हणून बोलाविले आणि रीतसर पंचनामा लिहिला. त्यातील मुख्य कलम असे: ‘पेटीच्या पश्चिम भिंतीलगत शेपूट नग एक, लांबी अंदाजे चार बोटे, मालकाविना वळवळत असलेले आढळले. शेपटीचे मालक जिवंत असून जबाब देण्याच्या मनःस्थितीत नाहीत.’ खाली शेरा मारला की, सदर नुकसानीची भरपाई निसर्गतः होणार असल्याने दावा निकाली काढण्यास हरकत नसावी. कारण घरातल्या पालीचे तुटलेले शेपूट पुन्हा फुटते, हे सर्वांनीच पाहिलेले. परतल्यावर मुलाने पंचनामा वाचला आणि एवढेच सांगितले की, या जातीचे शेपूट एकदा गेले की पुन्हा येत नाही.

त्यावर आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू बोलल्या. चार चुलींपैकी पहिली ज्यांनी वेगळी मांडली त्या त्याच, आणि त्यांचे म्हणणे नेहमी अहिराणीत आणि एकाच वाक्यात असते: ‘सख्खा भाऊ एक चुलवर ऱ्हायनात नही, ह्या जनावरे काय ऱ्हातीन?’

दोन्ही पेट्या माजघरात एकमेकींना लागून ठेवल्या गेल्या. तरी ड्रॅगनची दाढी काळीच. दोन काचांपलीकडला बुटका शेजारी त्याला अहोरात्र दिसत होता. तेव्हा आप्पांनी माळ्यावरून आजोबांच्या चोपडीतले जाडेभरडे देशी कागद काढले. एकेकाळी या कागदाच्या कारखानदारीसाठी एरंडोल प्रसिद्ध होते, आणि तो टिकतो किती, हे आजोबांच्या हयातीतील गहाणखतांच्या शाबूत नोंदींवरून दिसतच होते. ते कागद मधल्या फटीत उभे करताच तासाभरात दाढी फिकी पडली. आप्पांनी वहीत लिहिले: ‘उभयपक्षी संमतीने विभक्त. समेट झाला.’

गेल्या आठवड्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडणारे दोन चुलतभाऊ त्यांच्या ओट्यावर आले होते. आप्पांनी सातबारा मागितला नाही, फेरफारही मागितला नाही. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘तुमची दारं समोरासमोर आहेत काय?’