खुर्च्यांच्या गावी उभ्याने

मिलान म्हणजे खुर्च्यांची राजधानी. 1961 पासून इथे 'सालोने देल मोबिले' हा फर्निचरचा मेळा भरतो. एप्रिलमधल्या त्या आठवड्यात सगळं शहरच प्रदर्शन होतं. वाडा, गोदाम, गॅरेज, जिथे जागा सापडेल तिथे कुणीतरी खुर्ची मांडतं आणि शेजारी पाटी लावतं : बसू नये. आमच्या डिझाइन कॉलेजची अभ्यास सहल या गावात उतरली आणि पहिल्याच दुपारी उलगडा झाला. इथल्या खुर्च्या बघायच्या. टेकायचंच असेल तर फुटपाथची कड आहे.

कॉफीची तीच गत. काउंटरपाशी उभ्याने घेतलेली एस्प्रेसो स्वस्त. तीच टेबलाशी बसून प्यायली की बिल चढतं. "स्थानिक संस्कृती अनुभवायला हवी," असं म्हणत सरांनी आम्हा सगळ्यांना ती उभ्यानेच पाजली.

मग दुओमो, म्हणजे मिलानचं कॅथेड्रल. काम सुरू झालं 1386 साली; शेवटचा दरवाजा बसला 1965 मध्ये. हे ऐकताच आमचा रोहन म्हणाला, "आणि सर, मला सबमिशनला दोन दिवस वाढवून मिळाले नव्हते."

"त्यांनी संगमरवर वापरलाय," सर म्हणाले. "तू थर्माकोल आणला होतास."

गच्चीवर जायला लिफ्ट आहे आणि जिनाही आहे. जिन्याचं तिकीट स्वस्त. आम्ही कशाने गेलो हे सांगायला नकोच.

शेजारच्या गॅलरिया व्हित्तोरिओ इमान्युएलेच्या फरशीत तुरिन शहराचं चिन्ह असलेला बैल जडवलाय. त्याच्या अतिशय नाजूक जागी टाच रोवून तीन गिरक्या घेतल्या की नशीब फळफळतं म्हणे. गिरक्या घेणाऱ्यांची रांग एवढी, की तिथे चक्क खड्डा पडलाय. पोळ्याला बैलाच्या पायावर पाणी घालणाऱ्या घरातली मी. मला ते बघवेना. तरी नशिबाचा प्रश्न होता. गिरक्या घेतल्या आणि मनातल्या मनात बैलाची माफी मागितली.

लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर'समोर पंधरा मिनिटं मिळतात. हे चित्र आहे मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर. ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवणं लिओनार्दोला मानवेना, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर सावकाश काम केलं. रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागले. पुढे 1652 मध्ये मठवाल्यांनी त्याच भिंतीत दरवाजा पाडला आणि त्यात येशूचे पाय गेले. "वापरणाऱ्याची गरज ओळखा," असं सर वर्गात बजावत असतात. मठवाल्यांनी ती ओळखली होती. इथे मात्र सर काही बोलले नाहीत.

खरा धडा मिळाला इटालियन डिझायनर कास्तिल्योनी बंधूंकडून. 1957 मध्ये त्यांनी ट्रॅक्टरची सीट उचलून तिचं स्टूल केलं. 1962 च्या त्यांच्या 'आर्को' दिव्याचा संगमरवरी पाया सुमारे 65 किलोंचा. त्याला आरपार एक भोक आहे. मी त्यात बराच गूढ अर्थ शोधला. ते भोक झाडूचा दांडा घालून दोघांनी दिवा उचलावा म्हणून आहे!

आमचं प्रदर्शन एका जुन्या गॅरेजात होतं. मी मांडला होता घडीच्या पायांचा सागवानी पाट. आयोजकांनी इंग्रजीत पाटी लावली : हात लावू नये. काळ्या गोल चष्म्याचे एक गृहस्थ येऊन संकल्पना विचारू लागले. सर "जमिनीशी असलेला संवाद" समजावत होते. तेवढ्यात बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या एक आजी आत शिरल्या, पाटावर बसल्या, बूट काढून पाय चोळू लागल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. आजी उठताच दुसऱ्या बाई बसल्या आणि बघता बघता रांग लागली. गोल चष्माही रांगेत उभा राहिला. शेवटी सरांचा नंबर आला. ते संवाद अर्धवट टाकून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

माझ्या मते हेच परीक्षण खरं. तुम्ही मिलानला जाणार असाल तर 'लास्ट सपर'चं तिकीट बरंच आधी काढा, मऊ बूट घाला, कॉफी उभ्याने प्या. आणि बसायला स्वतःचं काहीतरी न्या.