अँपिअररावांचं भारनियमन

दुबईत वीज जात नाही. अबू धाबीच्या पश्चिमेला बराका इथे चार अणुभट्ट्या उभ्या आहेत, मिळून ५६०० मेगावॅटच्या. स्वैहानच्या वाळूत सुमारे ३२ लाख सौर पॅनेलं ऊन खात पडली आहेत. करामातल्या वन-बेडरूम फ्लॅटमधला एसी चोवीस तास घरघरतो, इन्व्हर्टर कुणाच्याच घरी नसतो आणि मेणबत्ती लागते ती फक्त केकवर. अशा देशात राहणारा एक मराठी गृहस्थ डिसेंबर आला की बायकोला विचारतो, ‘‘मिक्सर नक्की किती मिनिटं लावणार आहेस?’’

सोयीसाठी त्यांना अँपिअरराव म्हणू. हा एक माणूस नाही, जमात आहे. कुणी जबल अलीच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो, कुणी शारजात कन्सल्टंटकडे आहे, कुणी अबू धाबीच्या तेलक्षेत्रावर. मूळ गाव सांगली, नाशिक नाहीतर चिपळूण. वय पंचेचाळीसच्या पुढे. मंडळाच्या गणपतीत आरतीला शेवटच्या रांगेत असतात, पण स्पीकर खरखरला की सगळ्यांच्या पुढे.

उमेदीची वर्षं त्यांनी अंधारात काढली. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या, अंधार मात्र अखंड राहिला. पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक यायचं आणि ते फ्रीजवर चिकटवलं जायचं. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचं काम अर्थातच अँपिअररावांकडे. त्या सगळ्याला कंटाळून ते आखातात आले. पंधरा-वीस वर्षं स्वच्छ उजेडात काढली आणि मग एके दिवशी एक पिकअप ट्रक घेतला. हौद्यात कॅम्परची खोली बसवून घेतली: दोन माणसांची झोपायची फळी, ओटा, वीस लिटरची पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा फ्रीज. आणि फ्रीजवर, आतल्या बाजूने, वेळापत्रक चिकटवलं. टाकून आलेलं भारनियमन त्यांनी दिरहम मोजून परत विकत घेतलं होतं. फरक एवढाच की आता महावितरण ते स्वतः होते.

पहिली बॅटरी त्यांनी जुन्या मायेपोटी शिसे-आम्लाचीच घेतली. वजन जवळजवळ तीस किलो, लेबलवर १०० अँपिअर-तास, त्यातले वापरायचे पन्नासच. त्याखाली सारखी उतरवली की तिचं आयुष्य आटतं. वर आखाती उन्हाळा. इथे गाडीची साधी स्टार्टर बॅटरीसुद्धा दोन-तीन वर्षांत मान टाकते, तर हिचं काय? मग अँपिअरराव लिथियम आयर्न फॉस्फेटकडे वळले, आणि नव्या पंथात आलेला माणूस बोलतो तितकं बोलायला लागले. वजन निम्म्याहून कमी, वापरायला जवळजवळ सगळी, हजारो वेळा चार्ज करा. या रसायनाचा १९९७ चा मूळ शोधनिबंध जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासच्या प्रयोगशाळेतला. त्यावरची पहिली दोन नावं पाढी आणि नंजुंडस्वामी. ‘‘बघा, आपली माणसं,’’ असं ते कुठल्याही जेवणावळीत सांगतात. गुडइनफना २०१९ साली सत्त्याण्णवाव्या वर्षी नोबेल मिळालं, हेही सांगतात, आणि त्यानंतर आमटी वाढणाऱ्याला थांबवून व्होल्टेजवर येतात.

कारण या बॅटरीचं व्होल्टेज काही सांगत नाही. नव्वद टक्के भरलेली असो की चाळीस, मीटर तेरा पूर्णांक दोन-तीनच्या आसपास घुटमळतो, आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून आत गेलेला आणि बाहेर पडलेला प्रत्येक अँपिअर मोजणारा शंट बसवावा लागतो, जो फोनवर आकडा दाखवतो. अँपिअरराव तो आकडा दर वीस मिनिटांनी, नाडी बघणाऱ्या वैद्याच्या चेहऱ्याने, बघतात. बॅटरी ठणठणीत असते. तरी बघतात.

जोडणी शारजाच्या सनायात, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, झाली. तिथल्या गॅरेजात पेशावरचा इलेक्ट्रिशियन होता. त्याच्यासमोर अँपिअररावांनी अंगठ्याएवढी जाड केबल ठेवली.

‘‘साब, ये तो वेल्डिंग की तार है,’’ तो म्हणाला.

अँपिअररावांनी त्याला हिशोब मांडून दिला. हजार वॅटचं उपकरण घरच्या २३० व्होल्टवर चार-साडेचार अँपिअर खाईल. तेच काम १२ व्होल्टवर करायचं तर बॅटरीतून ऐंशी-नव्वद अँपिअर ओढावे लागतात. बारीक तार तापून वितळेल. पठाणाला पटलं. पण फ्यूज बघून तो पुन्हा अडला: ‘‘इतनी मोटी तार है, फ्यूज किसलिए?’’

‘‘तार मोटी है, तो आग भी मोटी लगेगी,’’ अँपिअरराव म्हणाले आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर बसवून घेतला. हे त्यांचं सर्वांत शहाणपणाचं वाक्य आहे. शॉर्ट झालेली लिथियम बॅटरी क्षणात हजारभर अँपिअर ओकू शकते, आणि ते थांबवायला तिथे दुसरं कुणी नसतं. त्यांच्या बाकीच्या बडबडीला हसावं. या फ्यूजला हसू नये.

आल्टरनेटर आणि कॅम्परची बॅटरी यांच्यामध्ये तीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर आहे. नव्या गाड्यांचे आल्टरनेटर इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज पाडतात, त्यामुळे सरळ वायर ओढून बॅटरी धड भरत नाही. चार्जर लावला की दुबईहून वाळवंटातल्या लिवाला पोचेपर्यंतच्या चार तासांत १०० अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ काठोकाठ. मग छतावर दोनशे वॅटचं सौर पॅनेल कशाला? तिसऱ्या दिवसासाठी. गाडी उभी राहिली की आल्टरनेटरही उभा.

पॅनेलवर २०० लिहिलेलं असतं, मिळत नाही. तो आकडा २५ अंश तापमानाच्या सेलचा. उन्हात सेल साठ अंशांवर गेला की बारा-चौदा टक्के तिथेच गळतात. लिवा कर्कवृत्ताच्या अगदी लगत, म्हणून डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४३-४४ अंशांपलीकडे चढत नाही, आणि आडव्या पॅनेलच्या पदरी तिरकं ऊन पडतं. त्यात पहाटे दव. दवात धूळ बसते आणि तिचा चिखल होतो. सूर्योदयाला सगळी मंडळी वाळूच्या ढिगाऱ्यांचे फोटो काढत असताना छतावर पाय पसरून, फडक्याने काच पुसणारी जी आकृती दिसते, ते अँपिअरराव.

२ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत चार गाड्या निघतात. मेझैरा गावात टाक्या भरायच्या, डांबर संपलं की टायरची हवा पंधरा पीएसआयपर्यंत काढायची, मग वाळू. पुढे मोरीबचा ढिगारा, जवळजवळ तीनशे मीटर उंच, आणि त्यामागे रुब अल खाली. १९४६ च्या अखेरीला ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजर याच वाळवंटातून उंटांवरून आला आणि लिवाच्या उंबरठ्यावर, सोबती खायला काही घेऊन येतील म्हणून, उपाशीपोटी वाट बघत बसला. अँपिअररावांच्या फ्रीजमध्ये या वेळी दीड किलो मॅरिनेट केलेलं चिकन, दही, आंबावडी आणि एक डबा श्रीखंड आहे. सगळं घरूनच गार करून आणलेलं, कारण कोमट वस्तू आत ठेवणं हा त्यांच्या कायद्यात दखलपात्र गुन्हा आहे. झाकण उघडायला कारण सांगावं लागतं. मित्राच्या मुलाने फक्त ‘बघायला’ उघडलं, तर त्याला कॉम्प्रेसरचं ड्यूटी सायकल समजावून घ्यावं लागलं. पोरगं दुसरीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोशांचा बेत होता. वहिनींनी, म्हणजे सौ. अँपिअररावांनी, खोबरं, मिरच्या, डाळं भांड्यात घातलं आणि साडेसातशे वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरला लावला. अँपिअरराव मध्ये आडवे आले. फोन वर केला. रात्रीतून बेचाळीस अँपिअर-तास गेले होते. फ्रीजचे तीस धरले तरी बारांचा हिशोब लागेना, आणि आता त्यावर हा मिक्सर! वाळूत उभ्याने अर्धा तास व्याख्यान झालं. पाटावरवंट्याचाही उल्लेख झाला.

वहिनी शांतपणे ऐकत होत्या. त्या अल ऐनमध्ये शाळेत गणित शिकवतात.

‘‘अहो, तीन मिनिटं मिक्सर म्हणजे किती होतात?’’

‘‘साडेतीन. फार तर चार.’’

‘‘आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काही न लावता, तर?’’

‘‘पंधरा वॅट तरी खातोच. म्हणजे तासाला सव्वा अँपिअर.’’

‘‘मग काल रात्री साडेनऊला ट्रिमर चार्जिंगला लावून इन्व्हर्टर बंद करायचा कोण विसरलं?’’

चटणी झाली. उत्तम झाली. अँपिअररावांनी ती अपेक्षेपेक्षा थोडी जास्तच वाढून घेतली, आणि दुपारपर्यंत इन्व्हर्टरच्या बटणावर लाल चिकटपट्टीचा बाण लागला होता.

मे महिन्यात ही बॅटरी घरात येते. बंद गाडीचा आतला भाग उन्हात साठ अंशांच्या वर जातो, तो तिला सोसत नाही. थंडीत गोठणाऱ्या युरोपातल्या कॅम्परवाल्यांची चिंता इथे उलटी आहे. मग ती अर्धी भरून हॉलमध्ये, एसीच्या झोताखाली, चपलांच्या कपाटाशेजारी ठेवतात. पाहुणे तिला स्पीकर समजतात. एकदा त्यांच्या मनात आलं की हिला सांगलीला आईकडे न्यावं, तिथे उन्हाळ्यात अजूनही दुपारचे दिवे जातात. पण विमानात सोबत न्यायच्या लिथियमची साधी मर्यादा शंभर वॅट-तास आहे आणि ही १२८० ची. आईला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बॅटरी राहू दे, तू ये.

सध्या त्यांच्या डोक्यात जून आहे. लिवात जूनमधली रात्रही तीस अंशांच्या आसपास असते, म्हणजे कॅम्परला छतावरचा १२ व्होल्टचा एसी हवा. सरासरी सहाशे वॅट, दहा तास: सहा हजार वॅट-तास. म्हणजे पाच बॅटऱ्या. त्या भरायला हजार वॅटची पॅनेलं, म्हणजे पाच, पण छतावर जागा तिनांचीच. बॅटऱ्या, पॅनेलं, एसी, पाणी आणि माणसं मिळून पिकअपची जेमतेम एक टनाची क्षमता ओलांडते. तेव्हा ट्रक मोठा हवा. गेल्या शनिवारी ते अल कुओझच्या एका शोरूममध्ये मोठ्या ट्रकची किंमत विचारून आले. वहिनींनी त्याच संध्याकाळी जूनच्या पहिल्या आठवड्याची, दोघांची, मुंबईची तिकिटं काढली.