शिरसाष्टांग नमस्कार, डबल ट्रॉली!

राजमान्य राजश्री ट्रॅक्टर (दोन ट्रॉल्यांसह) यांसी,
मुक्काम : रस्त्याच्या मधोमध, तालुका कधी बारामती, कधी इंदापूर.

शि. सा. न. वि. वि.

गाळप हंगाम सुरू झाला आणि आपले दर्शन पुन्हा घडू लागले. दर्शन म्हणजे आधी श्रवणच. टपावरच्या स्पीकरमुळे आपण येताय हे वस्तीवरच्या कान गेलेल्या आजोबांनाही कळते. मागून आम्ही वाजवलेला हॉर्न तेवढा आपल्याला ऐकू जात नाही.

माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, शेटफळगढे, बिजवडी यांपैकी कोणत्या कारखान्याच्या गव्हाणीकडे निघालात, हे विचारण्याचे धाडस मी करत नाही. कुठेही निघालात तरी रस्ता आपलाच. आम्ही दुचाकीवाले साइडपट्टीच्या मुरुमात, सायकलवर शाळेला निघालेल्या पोरी मुरमाच्या खाली आणि त्याहून खाली, चारीच्या कडेने, धनगराची मेंढरे. ही उतरंड आपण हलू दिलेली नाही.

रात्रीच्या आपल्या साधेपणाचे तर कौतुक करावे तेवढे थोडे. मागे दिवा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या बाजूला दोन लाल रेडियम सांगितलेत, तेही आपण उसाच्या लोंबत्या वाढ्यांआड झाकून ठेवता. ताशी ६० च्या वेगाने दुचाकी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. खालच्या लाइटमध्ये बिनदिव्याची ट्रॉली दिसते ती तीस-चाळीस मीटरवर आल्यावर. दिसून ब्रेक दाबेपर्यंत सेकंद-दीड सेकंद गेलेला असतो. उरलेल्या अंतरात गाडी थांबली तर थांबली, नाहीतर उसाची टोके छातीशी. त्यात समोरून पांढरी चारचाकी वरचा लाइट मारत आली, की तेवढेही दिसत नाही. तिलाही पत्र लिहायचे होते, पण काचा काळ्या असल्याने तिला ते आतून वाचता येईल असे वाटत नाही.

आपल्या चालकावर राग नाही. पैसे टनावर आणि अंतरावर, वजनकाट्यापुढच्या रांगेत रात्र निघालेली, म्हणून खेप डोंगराएवढी भरायची आणि परतताना रिकाम्या ट्रॉल्या पळवायच्या. खरे सांगू? भरलेल्यापेक्षा रिकामीची भीती जास्त. मागची ट्रॉली अशी डुलते की ओव्हरटेक करणाऱ्याने कुठून जायचे, हे तिचे तिलाच ठाऊक नसते. बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्यांनाही दिवे नसतात, गाडीवान पेंगलेला असतो. पण बैल बिचारे पुढच्या गाडीमागून मुकाट डाव्या कडेने चालतात. बैलांना लायसन लागत नाही.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. पाहुणे येतात, आपल्या फळीवर रेडियम चिकटवतानाचा फोटो निघतो. तोवर निम्मा ऊस गाळून झालेला असतो.

रस्ता सोडणे इथल्या लोकांना जमत नाही, असे मात्र नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिवशी एमएच ४२ च्या भल्यामोठ्या गाडीचा चालक इंजिन बंद करून, चपला काढून कडेला उभा असतो. पायी चालणारा प्रत्येक जण त्याचा माउली. तीच माउली कार्तिकात वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन त्याच रस्त्याने निघाली, की तोच काच खाली करून विचारतो, ‘‘मरायचंय का?’’ आणि मेंढरांना तर विचारतही नाही, नुसता हॉर्न. आषाढात आपण शेडमध्ये असता, म्हणून हा सोहळा आपल्या कानावर घातला.

मागणे फार नाही. फळीच्या मापाबाहेर गेलेल्या मोळ्या निघण्यापूर्वी कोयत्याने सवळून घ्याव्यात. रेडियम दिसेल असे लावावे आणि त्यावरची माती आठवड्यातून एकदा पुसावी. रस्त्यावर थांबलात तर स्पीकरची वायर काढून ती एखाद्या दिव्याला जोडावी, बॅटरी तीच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागून येणारा

ता. क. : पंक्चर झाल्यावर चाकांना लावलेले दगड टायर बदलला की तिथेच ठेवून जाण्याची आपली प्रथा आहे. परवाचे चार दगड सणसरच्या अलीकडे, मधल्या पट्ट्यावर आहेत. तीन मी कडेला केले. चौथा एकट्याने हलत नाही, जमल्यास येता येता घेऊन जावा.