उताराची गाडी

आमच्या घरात जागेची किंमत उतारावर ठरते. लग्नाची पत्रिका आली की अप्पा आधी विचारतात, "कार्यालयासमोर उतार आहे का?" नवरा-नवरीची नावं नंतर. कारण एकच, आमची वीस वर्षांची डिझेल पिकअप. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवले की ती घरी यायला तयार नसायची. मग उतार, दुसरा गिअर आणि देवाचं नाव.

गाडी अडली की डॉक्टर जमतात. "एअर धरलीय." "हीटर गेलाय." तिसरा बॉनेटकडे न बघताच "बॅटरी बदला" म्हणतो. पंचाईत अशी की तिघंही बरोबर असू शकतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसेक पट दाबायची, ती तापते आणि तिच्यात डिझेल आपोआप पेटतं. पौषातल्या पहाटे इंजिन गार, हीटर प्लग मेलेला आणि सेल्फ रेंगाळणारा असला तर पेटणार कशाने?

लक्षणं मात्र गाडी स्वतः सांगते. किल्ली फिरवल्यावर भराभर टकटकटक झालं तर बॅटरी उतरलेली. सेल्फ नुसता घर्रर्र करत रिकामा फिरला तर त्याचा दात फ्लायव्हीलला धरत नाही. इंजिन जोमात फिरतंय पण धुराचा पत्ता नाही, तर डिझेलच पोचत नाही. फिल्टरवरचा हातपंप मारून बुडबुडे संपेस्तोवर हवा काढा. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय, पेटत नाही.

आमची फक्त एकदा 'ठक्' म्हणायची. हेडलाइट लख्ख. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या, सेल्फचे कार्बन बदलून झाले. (हा खर्च टोमॅटोच्या क्रेटमध्ये मोजायचा नाही, भावानुसार झोप उडते.)

शेवटी मंचरच्या एका वायरमनने मीटर लावला. 12.6 व्होल्ट, बॅटरी ठणठणीत. त्याने जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या बोल्टवर दाबलं. "मारा सेल्फ, अप्पा." आणि गाडी अशी उठली की शेजारचं कुत्रं पळालं.

चासीवरून इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजली होती. हात लावला तर हिरवी भुकटीच निघाली. दिव्यांना दहाएक अँपिअर पुरतात, आणि त्यांचा परतीचा रस्ताही बॉडीतून, वेगळा. सेल्फला लागतात शंभरावर, तेही त्या कुजक्या पट्टीतून. अप्पा बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसले. दोन बॅटऱ्या आठवत असाव्यात.

आता निम्म्या किल्लीत गाडी सुरू होते. परवा बाजारात गेलो, तर अगदी दारातच जागा मोकळी होती. अप्पांनी ती बघितली, नाक मुरडलं आणि गाडी पुढे काढली.

"सपाट आहे."