साडेबारा टक्के, दोन टक्के

जासईच्या माणसाला टक्केवारी शिकवायला जाऊ नये. उरण तालुक्यातलं हे प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारच्या गळी उतरलं. त्यातला एकेक टक्का पदरात पाडून घ्यायला किती चपला झिजतात, हे या पंचक्रोशीला तोंडपाठ आहे.

दोन टक्के मात्र फुकटात मिळाले. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलात, वनस्पती तुपात, मार्गारीनमध्ये आणि ते घालून केलेल्या पदार्थांत, एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्क्यांहून जास्त औद्योगिक ट्रान्स फॅट असता कामा नये. त्यासाठी ना मोर्चा निघाला, ना कुणी उपोषणाला बसलं. प्रकल्पग्रस्ताचा दाखला न मागता या परिसराला सरकारने दिलेली ही बहुधा पहिलीच टक्केवारी. एवढ्या सहजासहजी मिळालेल्या गोष्टीबद्दल जासईकराला शंका आली, तर त्याला दोष देता येणार नाही.

शंका घ्यायला जागा दास्तान फाट्यावरच आहे. कंटेनरची रांग जिथे खोळंबते, तिथल्या कुठल्याही टपरीवर सकाळी उभं राहावं. ‘दादूस, एक कटिंग आन दोन खारी.’ बरणीचं झाकण फिरतं, खारी हातात येते, चहात बुडते आणि चहावर तवंगाचे बारीक गोल ठिपके तरंगू लागतात. ड्रायव्हर ते फुंकरीने कडेला सारतो आणि पितो. खारीचे पदर सुटतात ते स्निग्धामुळे. कणीक लाटायची, त्यावर घट्ट स्निग्धाचा थर द्यायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायची. या उकाड्यात लोणी वापरलं तर दुसऱ्या घडीलाच ते वितळून ओट्यावर येईल. बेकरीवाल्याला म्हणून असं काही लागतं जे घामाघूम कारागिराच्या हातातही घट्ट राहील आणि तोंडात गेल्यावर मात्र बऱ्यापैकी विरघळेल. त्या स्निग्धाच्या खोक्यावर दोन टक्क्यांची हमी छापलेली असेलही. बरणीवर काहीच छापलेलं नसतं. बरणी काचेची असल्यामुळे पारदर्शकता तेवढी शंभर टक्के आहे.

हे न वितळणारं स्निग्ध आलं कुठून? विल्हेल्म नॉर्मान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेल तापवायचं, त्यात निकेलची पूड घालायची, हायड्रोजन सोडायचा. पातळ तेल घट्ट होतं. पूर्ण हायड्रोजन दिला तर मेणासारखा कडक गोळा होतो आणि त्यात ट्रान्स फॅट जवळजवळ उरत नाही. पण मेण कोण खाणार? मऊ, लाटता येण्याजोगा माल हवा म्हणून प्रक्रिया अर्ध्यावर थांबवली जाते. या अर्धवटपणात काही मेदाम्लांची ठेवण बदलते, आणि तेच ट्रान्स फॅट. वाईट कोलेस्टेरॉल वाढवणं आणि चांगलं कमी करणं ही दोन्ही कामं ते एकट्याने करतं. सरकारी खात्यात अशा कार्यक्षमतेला पदोन्नती मिळाली असती.

जासईच्या लोकांना याचं मूळ पाहायला जर्मनीला जायची गरज नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि शिवडी हाकेच्या अंतरावर आली. त्याच शिवडीत १९३२ मध्ये लिव्हर कंपनीच्या कारखान्यात वनस्पतीचं उत्पादन सुरू झालं, आणि १९३७ पासून ते ‘डालडा’ या नावाने घरोघर पोचलं. कंपनीने डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांवरून फिरवली, ठिकठिकाणी पुऱ्या तळून दाखवल्या. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडासारखं झाड. कोकणच्या माणसाला ते झाड घरचंच वाटलं असेल तर नवल नाही. डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावली जायची, किंवा मग चाळीच्या टोकाला सकाळच्या रांगेत तोच डबा टमरेल म्हणून हातात यायचा. देवापासून देहधर्मापर्यंत एवढी सेवा दुसऱ्या कुठल्या पॅकिंगने केलेली नाही.

सरकारलाही वनस्पतीचा बंदोबस्त करायचा होता, नाही असं नाही. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर कोरडे ओढले होते. स्वातंत्र्यानंतर बंदीचं विधेयक संसदेपर्यंत गेलं आणि तिथेच निवलं. मग सूचना आली की वनस्पतीला रंग द्यावा, म्हणजे तुपात भेसळ करता येणार नाही. रंगाची चर्चा वर्षानुवर्षं चालली. सर्वांना पसंत पडेल असा रंग काही सापडला नाही. शेवटी तोडगा निघाला तो पाच टक्क्यांचा. प्रत्येक वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. कारण? तिळाच्या तेलाची एक रासायनिक चाचणी आहे, ती केली की गुलाबी रंग येतो आणि तुपातली वनस्पतीची भेसळ उघडी पडते. म्हणजे चोर मोकळाच, फक्त त्याच्या खिशात ओळखपत्र घालून ठेवलेलं. आणि सगळी काळजी तुपाच्या अब्रूची. जो माणूस तुपाचं नाव न घेता सरळ वनस्पतीच खात होता, त्याच्या हृदयाची चौकशी करायला आणखी अर्धं शतक जायचं होतं.

डेन्मार्कने २००३ मध्येच दोन टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातलं वनस्पती तपासलं, तेव्हा ट्रान्स फॅट डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट निघालं. त्यानंतर घाई सुरू झाली. आधी दहा टक्के, मग पाच, २०२१ मध्ये तीन आणि २०२२ मध्ये दोन. जागतिक आरोग्य संघटना २०१८ मध्ये सांगत होती की या पदार्थापायी जगात वर्षाला पाच लाखांहून अधिक माणसं हृदयविकाराने मरतात. आपण डेन्मार्कच्या एकोणीस वर्षं मागून पोचलो. पनवेल-उरण रस्त्यावरच्या वाहतुकीचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हा वेग ठीकच वाटेल.

या प्रवासातला सर्वांत रंगतदार प्रवेश मात्र मुंबई उच्च न्यायालयात झाला. २०१७ मध्ये अमूलने जाहिरात केली की आइस्क्रीम दुधाचं असतं आणि फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती असतं. त्यावर हिंदुस्थान युनिलिव्हर कोर्टात गेली. आमच्या फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल असतं, ‘वनस्पती’ नव्हे; ते असतं असं सुचवणं ही आमच्या मालाची बदनामी आहे, असं तिचं म्हणणं. न्यायालयाने जून २०१७ मध्ये त्या जाहिरातींना मनाई केली आणि डिसेंबर २०१८ मध्ये खंडपीठानेही तो निकाल मोठ्या प्रमाणात कायम ठेवला. कायद्याने कंपनीची बाजू रास्त होती. फक्त एवढंच, की शिवडीत डालडा घडवून ज्या घराण्याने तो देशभर नेला, त्याच घराण्याने २००३ मध्ये ब्रँड विकून टाकला आणि चौदा वर्षांनी वनस्पतीचं नाव आपल्याला चिकटू नये म्हणून वकील दिले. मुलीचं लग्न लावून दिल्यावर माहेरच्यांनी तिला ओळखच दाखवू नये, त्यातली ही गत.

आता दोन टक्क्यांच्या राज्यात अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलाची जागा बरीचशी पाम तेलाने घेतली आहे. पाम मुळातच अर्धं घट्ट असल्यामुळे त्याला हायड्रोजनची गरज पडत नाही, मग ट्रान्स फॅटही होत नाही. त्यातली जवळजवळ निम्मी मेदाम्लं संपृक्त असतात, पण त्यांच्यासाठी वेगळी टक्केवारी अजून कुणी मागितलेली नाही. हे तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून जहाजाने येतं. जासईच्या उशाशी असलेल्या न्हावा-शेवा बंदरातही कंटेनरबरोबर खाद्यतेलाच्या टाक्या भरतातच. ज्या जमिनीवर एकेकाळी भात आणि मीठ पिकायचं, तिच्या शेजारून आता बिस्किटाचा कच्चा माल जातो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

पुड्यावर मात्र ‘ट्रान्स फॅट फ्री’ असं ठळक छापता येतं. त्यासाठी शंभर ग्रॅममागे ट्रान्स फॅट ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त नसावं एवढीच अट आहे. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात ‘एडिबल व्हेजिटेबल फॅट’, कधी ‘इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट’ असं काही लिहिलेलं असतं. हे वाचतात ते वाशी-खारघरच्या मॉलमध्ये चष्मा कपाळावरून नाकावर ओढणारे लोक, आणि वाचून झाल्यावर ते पुडा परत फळीवर ठेवून बदाम घेतात. ज्यांना बदाम परवडत नाहीत ते सुटी खारी, सुटे बटर आणि सुटं शेव-फरसाण घेतात. नियम लेबलाला लागू आहे की खारीला, असा प्रश्न विचारला तर उत्तर ‘दोन्हींना’ असंच येईल. तपासता येतं ते लेबल.

राहिली कढई. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात नको ते घटक साचत जातात, ट्रान्स फॅटही वाढतं. त्यावरही नियम आहे: १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी बाद. रोज पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि जुनं तेल बायोडिझेलसाठी अधिकृत संकलकाला द्यायचं, अशीही सोय केली आहे. फाट्यावरच्या वडापाववाल्याच्या कढईत मावतं चार-पाच लिटर. म्हणजे नोंदवहीतून तो आपसूक सुटला. रात्री उरलेलं तेल तो फडक्यातून गाळतो आणि सकाळी ताज्या तेलात मिसळतो, कारण ओतून देण्याइतकं ते स्वस्त नाही. पोलर कंपाउंड मोजणारा मीटर मिळतो. तो गरम तेलातच बुडवावा लागतो. पण तपासायला कुणी साहेब आलाच, तर त्याच्या हातात आधी वाफाळता वडा जातो, दुसऱ्या हातात कटिंग, आणि मग मीटर धरायला हात उरत नाही.